उजव्या हाताचा चमचा

तलवाडा,
१० नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाराणी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहायला बसलोय. माझा फोन तू उचलत नाहीस. तुझी आई चुलीपाशी तोंड करून हळू आवाजात बोलते ती तुझ्याशीच, एवढं न कळायला मी काही बहिरा नाही. पण पोस्टमनला तुझी-माझी भानगड माहीत नाही. तो पत्र पुण्यापर्यंत पोचवील.

परवा उज्ज्वलानं बोलावलं. तुझी शाळेतली मैत्रीण आता आपल्या वस्तीवरच्या अंगणवाडीची सेविका आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दाराची बिजागरी निखळली होती. दिवाळी झाली, टोळ्या ऊसतोडीला गेल्या, कोयत्याच्या मुठी बसवायचं माझं काम संपलं, म्हणून लगेच गेलो. वस्तीवर आता म्हातारी माणसं आणि लेकरं, बाकी सगळ्या दारांना कुलपं. तिथं कोपऱ्यात एक मोठं खोकं उघडून ठेवलं होतं. मी विचारलं, हे काय. उज्ज्वला म्हणाली, "काका, वर्षानं पाठवलंय की. तुमाला म्हाईत न्हाई?" मी म्हणालो, माहीत आहे. धडधडीत खोटं बोललो.

मग तिनंच सांगितलं. लहान लेकरांसाठी तू चमचे आणि वाट्या केल्यात, चाळीस नग इथं वापरून बघायला दिलेत, आणि कोण कसं खातं हे ती रोज तुझ्या कागदावर भरते. मी एक चमचा उचलला. दांडा आखूड, माझ्या अंगठ्याएवढा जाड. तोंडाकडची बाजू मऊ. मानेशी एक गोल चकती. आणि मान एका बाजूला वाकलेली. मला वाटलं, खोक्यात दबून वाकडा झाला असेल. मी दोन्ही हातांनी धरून सरळ करायला लागलो.

उज्ज्वला हसून हसून खाली बसली. म्हणाली, "काका, वाकडाच हाय त्यो. वर्षानं मुद्दाम वाकडा केलाय." एवढ्या लहान लेकराला मनगट वळवता येत नाही, घास तोंडापाशी नेला की आडवा होऊन सांडतो. म्हणून तू चमचाच वळवून ठेवलास. मी तो परत खोक्यात ठेवला आणि बिजागरीला लागलो. पण तीन स्क्रू पिळायला मला तास लागला.

चार वर्षांपूर्वी तू पहिला नमुना घेऊन दुकानात आली होतीस, तेव्हा गिऱ्हाईक बसलं होतं आणि मी घाईत होतो. नाहीतर तेव्हाच नीट बघितला असता. तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण ते ती तुला सांगतच असेल.

तुझा आप्पा


तलवाडा,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाराणी,

उत्तर आलं नाही. येईल असं म्हटलंही नव्हतं.

एक चमचा मी उज्ज्वलाकडून मागून आणला. मागून म्हणजे आधी खिशात घातला आणि मग सांगितलं. घरी आणून त्याचे जेवढे हाल करता येतील तेवढे केले. चहाच्या पातेल्यात अर्धा तास उकळला, त्यावरून तुझी आई दोन दिवस बोलत होती. शिडीवर चढून फरशीवर टाकला, एकदा नाही, दहादा. राखेनं घासला, रंग सुटतो का बघितलं. उरलेल्या दातांनी चावला. त्याचा ना टवका निघाला, ना रंग. दांड्याला कुठं सांधा नाही, म्हणजे उष्टं अडकून सडायला जागाच नाही. वाटीचं बूड इतकं रुंद आणि जड की शेणानं सारवलेल्या ओबडधोबड भुईवरसुद्धा पोरांना ती उलथता येत नाही.

मग त्या चकतीचा अर्थ माझा मीच लावला. चमचा तोंडात घातला, तर चकती ओठाला अडली. घशाकडे जाऊच देत नाही. तू दीड वर्षाची असताना स्टीलचा चमचा तोंडात धरून पळत होतीस आणि उंबऱ्यावर पडलीस. टाळूतून रक्त आलं. तुला उचलून मी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो आणि गेवराईच्या दवाखान्यापर्यंत तोंडाला फडकं दाबून धरलं. ते तुला आठवतं की आईनं सांगितलंय, मला ठाऊक नाही. पण पुण्यामुंबईच्या कुठल्या लेकराचा उंबऱ्यावर पाय अडखळला तर त्याच्या बापाला असं फडकं दाबून पळावं लागणार नाही, हे मात्र खरं.

आता दांड्याचं. कोयत्याची मूठ बारीक झाली की हात जास्त आवळावा लागतो आणि दुपारपर्यंत फोड येतात. मूठ हाताला भरली की बोटं सैल राहतात. हे मी पस्तीस वर्षं तोडणाऱ्या माणसांना सांगतोय. तुला कधी बसवून सांगितलं नाही. मुलीला कशाला सांगायचं, हा विचार. तू दुकानाच्या दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचीस, मला वाटायचं वाचतेस. आणि तू ते दोन वर्षांच्या पोराच्या मुठीला लावलंस. माझ्या हातून उभ्या जन्मात एवढं सुचलं नसतं, हे मी शाईनं लिहून देतोय.

अंगणवाडीत आता रोज काही ना काही दुरुस्ती निघते. निघाली नाही तर मी काढतो. पोरं खिचडी खाताना बघण्यासारखी असतात. आजीच्या घासाची वाट न बघता स्वतः घेतात, आणि पहिला घास नीट तोंडात गेला की इकडंतिकडं बघतात, कुणी बघितलं का म्हणून. मी बघतो. एक-दोन जण अजून रुळले नाहीत, ते रुळतील.

तुझा आप्पा


तलवाडा,
१२ डिसेंबर २०२४

चि. वर्षाराणी,

भाकरी थापता थापता तुझी आई बोलून गेली की संक्रांत झाली की तुमच्या कंपनीत चमच्याचा पोलादी साचा कापणार, आणि मग एका साच्यातून हजारो निघणार. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मी समोर बसलोय. मग तिनं भाकरी करपवली आणि दोष मला दिला.

साच्याबद्दल मला काही कळत नाही. लाकूड चुकलं तर आम्ही परत तासतो. पोलादाचा साचा एकदा कापला की परत वळवता येतो का? सहज विचारतोय.

इथली खबर म्हणजे थंडी पडली आहे. उज्ज्वलाचे कागद भरत आलेत, पोरांची वजनं वाढलीत, ती खूश आहे. फक्त कौशल्याबाईच्या नातीचं वजन उतरलंय. दिपाली तिचं नाव, अडीच वर्षांची. आईबाप कर्नाटकात तोडीला गेलेत, पोरगी आजीपाशी. आधीच हडकुळी, त्यात महिन्याभरात पाऊण किलो गेलं. ताटापुढं बसते आणि तोंड मिटून घेते. उज्ज्वलानं तुझ्या कागदावर तिच्यापुढं 'तब्येत बरी नाही' असं लिहिलंय. आईची आठवण काढत असेल. तू काळजी करू नकोस, चमच्याचा त्यात काही दोष नाही.

आणखी लिहायचं होतं, पण पोस्टाची वेळ झाली.

तुझा आप्पा


तलवाडा,
२० डिसेंबर २०२४

वर्षाराणी,

मागच्या पत्रात मी लिहिलं की चमच्याचा दोष नाही. ते खोटं आहे. पोस्टाची वेळ झाली होती, हेही खोटं. पोस्ट उघडून तासच झाला होता.

तुझा चमचा उजव्या हाताचा आहे. मान डावीकडं वाकवली आहेस, म्हणून उजव्या मुठीतला घास सरळ तोंडात जातो. दिपाली डावखुरी आहे. ती डाव्या मुठीत धरते आणि खिचडी कानाकडं जाते. पहिल्या दिवशी सगळी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई तिथंच येऊन बसली आणि लुगड्याची चिंधी काढून तिनं पोरीचा डावा हात मांडीशी बांधला. तेव्हापासून दिपालीनं तोंड मिटलंय. आणखी दोघं तसेच आहेत. एक चमचा भिरकावून देतो, दुसऱ्याला आजी भरवते. त्यांच्यापुढं कागदावर 'सवय नाही' असं लिहिलंय. उज्ज्वलाचा त्यात दोष नाही, लेकरू डाव्या हातानं जेवतंय हे आपल्याकडं कुणी बघतच नाही, फक्त त्याचा हात झटकतात. पस्तीस पोरांत तीन. हजारोंत किती, ते तूच काढ.

हे मला नोव्हेंबरातच दिसलं होतं. दुसरं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. 'रुळतील' असं लिहिताना पेन थांबलं होतं.

का लपवलं, तेही सांगतो. पहिल्या पत्रात लिहिलं की तू नमुना घेऊन आलीस तेव्हा मी घाईत होतो. घाई कसली? टोळीतले सहा-सात जण मुठी बसवून घ्यायला बसले होते. तू चमचा माझ्या हातात दिलास, ते हसले, आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. म्हणालो, "आमच्यात लेकरं हातानं खात्यात. चमचा लागतो सायबाच्या पोराला." आणि तो भुशात टाकला. तू वाकून उचललास, ओढणीला पुसलास आणि निघून गेलीस. तेव्हापासून तू मला आप्पा म्हणून हाक मारलेली नाही.

आता त्याच माणसानं लिहायचं की तुझ्या चमच्यात खोट आहे? तुला वाटणार, याला माझं काही बघवतच नाही. मी गप्प राहिलो असतो तर एखादे दिवशी तू दारात येशीलही, अशी आशा मला लागली होती. चांगली चांगली पत्रं लिहून मी तेवढंच कमवायला निघालो होतो. ते गमवायची मला भीती वाटत होती, अजून वाटते. पण पोरगी जेवत नाही आणि साचा संक्रांतीनंतर कापणार.

परवा चिंचेचा एक वाळका तुकडा घेतला आणि तुझा चमचा समोर ठेवून तसाच कोरला, फक्त मान उलट्या बाजूला. रंग नाही, पॉलिश नाही, नुसतं करडईचं तेल. चकती मला तुझ्यासारखी जमली नाही. दोनदा चिरली, तिसऱ्यांदा जाड ठेवली. आज कौशल्याबाई बाजाराला गेलेली असताना उज्ज्वलानं तो दिपालीच्या डाव्या हातात दिला. पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आजी दारात आहे का ते बघितलं, आणि मग खायला लागली. एकवीस घास खाल्ले. मी मोजले.

तेव्हा तुझी युक्ती किती खरी आहे ते मला दिसलं. वाकवलेली मान, भरलेली मूठ, चकती, सगळं बरोबर आहे. फक्त हात दुसरा. दोन्ही चमचे या पार्सलात आहेत. माझ्यावर राग ठेव, पण साचा थांबव.

आप्पा


तलवाडा,
४ जानेवारी २०२५

चि. वर्षाराणी,

पार्सल मिळालं, हे उज्ज्वलाकडून कळलं. तू तिला फोन केलास, पाऊण तास प्रत्येक पोराचं विचारलंस. कोण कुठल्या हातानं उचलतं, कोण मधेच हात बदलतं, कुणाला आजी झटकते. उज्ज्वलाचा कान लाल झाला होता, तरी ती सांगताना थांबत नव्हती. म्हणाली, "काका, तिनं साचा थांबवला. सगळ्या सायबांपुढं हुबी ऱ्हायली आन् म्हणली, चूक माजी हाय, दोन साचे लागतील." मी दुकानात येऊन बसलो. साठ वर्षांत मी चारचौघांत 'चूक माझी आहे' असं एकदाही म्हटलेलं नाही. तू हे कुठून शिकलीस, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

मग काल तुझा आईला फोन आला. या वेळी ती चुलीकडं गेली नाही, माझ्यासमोरच बसून बोलली. तू रडत होतीस, ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं. तू विचारलंस, "माय, माज्या ध्यानात कावून आलं न्हाई? शेकडो लेकरं बघितली, मला डावा हात दिसलाच कसा न्हाई?" तुझी आई माझ्याकडं बघत राहिली. तिला उत्तर माहीत आहे. तीस वर्षं माझी लाज राखायला तिनं ते पोटात ठेवलं. आता ते माझं मलाच सांगायला हवं.

तू डावखुरी होतीस.

अडीच वर्षांची झालीस, आपल्या हातानं खायला लागलीस आणि डावा हात पुढं आला. मी म्हणालो, मुलीची जात, पाहुण्यांच्या पंगतीत डाव्या हातानं घास घेणार का, देवाचा प्रसाद कुठल्या हातात घेणार. माझ्या जुन्या धोतराची पट्टी काढली आणि जेवताना तुझा डावा हात पाठीमागं बांधायला लागलो. तुझ्या उजव्या हातातून सगळं सांडायचं. भूक लागली की तू रडायचीस, आणि तुझी आई स्वयंपाकघरातून उठून बाहेर जायची. सबंध हिवाळा असा गेला. पुढं पुढं तू ताटावर बसलीस की आपणहून डावा हात माझ्यापुढं करायला लागलीस, बांधून घ्यायला. मी तुला शाबासकी द्यायचो. लोकांना कौतुकानं सांगायचो की पोरगी किती शहाणी आहे.

याच दुकानात डावखुऱ्या तोडणाऱ्याची मूठ मी उलट्या बाजूनं तासून देतो. त्याच्या हाताला त्रास नको म्हणून अर्धा दिवस जास्त घालवतो, आणि घरी येऊन तुझा हात बांधत होतो. हे मला तेव्हा एकदाही टोचलं नाही. तो चमचा करताना डावा हात सुचला नाही, ही खोट तुझी नाही पोरी. तुला तो हात दिसूच नये याची तजवीज मी केली होती. कंपनीतल्या साहेबांना तू चूक तुझी म्हणालीस, त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

आज सकाळी कौशल्याबाईच्या घरी गेलो. ती दिपालीला भाकरी-दूध कालवून देत होती आणि चिंधी बांधलेलीच होती. मी म्हणालो, "बाई, सोडा त्या लेकराचा हात." ती म्हणाली, "आन् उद्या सासरी गेल्यावर? लोक मलाच नावं ठेवत्याल, आजीनं वळण लावलं न्हाई म्हणून."

मी सांगितलं, "म्या माज्या वर्षाचा बांधला व्हता. चार वर्सं झाली, ती माज्याशी बोलत न्हाई."

"हात बांधला म्हणून बोलत न्हाई?"

"न्हाई. तिला तर ते ठावंबी न्हाई. पर म्या बांधला व्हता."

कौशल्याबाईनं दुधाची वाटी खाली ठेवली. मग पोरीकडं न बघता म्हणाली, "माजाबी बांधला व्हता माज्या मायनं." तिच्यानं गाठ सुटेना. मी सोडली. दिपालीनं हात दोनदा झाडला आणि भाकरीत घातला. चिंचेचा चमचा तुझ्याकडं गेला म्हणून दुसरा करतोय, तोवर हातानंच खाईल. उज्ज्वलानं आज वजन केलं, काट्यात अजून फार फरक नाही. पण आज थाळी चाटून पुसून ठेवली.

मी माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू, आणि तू ती द्यावीस असं तुला घरातल्यांनी समजावू नये म्हणून तुझ्या आईलाही तशी ताकीद दिली आहे. यायचं की नाही, बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

एक काम मात्र सांगतो, ते बाप म्हणून नाही, एका कारागिरानं दुसऱ्याला सांगावं तसं. डाव्या हाताचा नवा नमुना तुमच्याकडं होईल. तो बरा झालाय का, हे मला सांगता यायचं नाही, उज्ज्वलालाही नाही, आणि दिपालीला अजून नीट बोलता येत नाही. तू तो तुझ्या डाव्या हातात धर. दार लावून घे हवं तर. थोडा वरण-भात घे आणि खा. सांडेल, सांडू दे. घाई करू नकोस. तो हात जे सांगेल ते साच्याला दे.

आणि कधी मला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्याच, तर त्याच हातानं लिही. अक्षर कसंही आलं तरी मी वाचीन.

तुझा आप्पा